ब्रेल डिस्प्ले वाटण्याआधी तो मराठीत चालवून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत दिव्यांगांना साहित्य वाटपाचे कार्यक्रम होतात आणि त्यांचे फोटो आपल्या पानांवर येतात. पांढरी काठी, बोलके घड्याळ, स्मार्टफोन यांच्या जोडीला आता मागणीच्या अर्जांत 'ब्रेल डिस्प्ले' हे नाव लिहिले जाते. वस्तू चांगली आहे, हवीच आहे. पण काठी हातात दिली की काम सुरू होते, तसे या यंत्राचे नाही. इंग्रजीत सुरळीत चालणारे यंत्र मराठी मजकूर आला की अडखळते आणि महिनाभरात कपाटात जाते. म्हणून खरेदी करणाऱ्या संस्थांनी, देणगीदारांनी आणि स्वतःच्या पैशांनी घेणाऱ्यांनी हे यंत्र किमान पंधरा दिवस रोजच्या कामात वापरून मगच ठरवावे. काय तपासायचे, ते या पत्रात लिहीत आहोत.

आधी यंत्राबद्दल थोडे. ब्रेल डिस्प्ले म्हणजे छोट्या चौकोनांची, म्हणजे सेलची, एक ओळ. प्रत्येक सेलमधून सहा किंवा आठ टिंबे वर येतात, खाली जातात आणि बोटाखाली अक्षर उमटते. एक ओळ वाचून झाली की कळ दाबायची, पुढची ओळ येते. जुन्या, महागड्या यंत्रांत हे काम पिझो पट्ट्या करतात. विजेच्या दाबाने पट्टी वाकते आणि टिंब उचलले जाते. प्रत्येक टिंबाला स्वतंत्र पट्टी लागते, त्यामुळे ४० सेलचे यंत्र लाखाच्या पुढे जाते. स्वस्त यंत्रांत टिंब एकदा वर आले की अडकून राहील अशी दुसरी रचना असते आणि किंमत लाखाच्या आत राहते. अनेक देशांतल्या अंधांच्या संस्थांनी एकत्र येऊन घडवलेला 'ऑर्बिट रीडर २०', मुंबईत तयार झालेला 'ब्रेलमी', दिल्ली आयआयटीच्या प्रयोगशाळेतून आलेले 'डॉटबुक' ही स्वस्त यंत्रांतली ठळक नावे. पहिल्यात सेलला आठ टिंबे आहेत, दुसऱ्यात सहा. हा फरक किरकोळ वाटतो, पण संगणकावर तो आडवा येतो. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

स्वस्त रचनेचा एक फायदा बोटाला लगेच जाणवतो. टिंब पक्के उभे राहते, दाबले तरी दबत नाही, कागदावरच्या ब्रेलपेक्षा टोकदार लागते. नवशिक्याला आणि मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्याला हे फार सोयीचे. तोटे दोन आहेत. पिझो यंत्रात पूर्ण ओळ क्षणात बदलते, इथे ती डावीकडून उजवीकडे सरकत बदलते. शिवाय बदलताना टकटक आवाज होतो. रात्री घरात बाकीचे झोपलेले असताना किंवा शांत वर्गात तो आवाज ऐकू जातो. दुकानाच्या गलबल्यात हे कळत नाही, म्हणून यंत्र शांत खोलीतही चालवून बघावे.

वीस सेल म्हणजे किती? साधारण बारा सेंटिमीटर लांबीची ओळ. मराठी ब्रेलमध्ये मात्रा अक्षराच्या वर किंवा खाली बसत नाही, तिला स्वतंत्र सेल लागतो. 'जळगाव' म्हणजे ज, ळ, ग, आ, व, असे पाच सेल. 'भुसावळ' सहा. 'जळगाव ते भुसावळ गाडी' एवढा मजकूर मधल्या मोकळ्या जागा धरून बरोबर वीस सेल खातो आणि ओळ संपते. गाडी किती वाजता सुटते, हे पुढच्या ओळीवर. दोनशे शब्दांची बातमी घेतली आणि मोकळी जागा धरून शब्दाला सरासरी सात सेल मानले, तर १४०० सेल होतात. शब्द मध्ये तुटू नये म्हणून ओळीच्या शेवटी दोन-तीन सेल रिकामे राहतात. म्हणजे एक बातमी वाचायला कळ सुमारे ऐंशी वेळा दाबावी लागते. म्हणूनच ओळ पुढे नेणारी कळ कुठे आहे, ती हात न उचलता अंगठ्याने दाबता येते का, कडक आहे की नरम, हे किमतीच्या आधी बघावे. कडक कळ दाबून पंधरा मिनिटांत अंगठा दुखतो.

मग फोन बोलतो, तर यंत्र कशाला? हा प्रश्न वाटप समितीत हटकून येतो आणि तो रास्तही आहे. फोन वाचून दाखवतो तेवढे पुरे असेल, तर यंत्रावर पैसे घालू नयेत. बातम्या ऐकणे, फोन लावणे, व्हॉट्सॲप या कामांत कान वेगवान आहेत, ब्रेल मागे पडते. पण काही ठिकाणी कान कामाचे नाहीत. एसटीत शेजारी चौघे बसलेले असताना ओटीपी किंवा खात्यातली शिल्लक मोठ्याने ऐकायची नसते. भजनाला बसलेल्याला एकीकडे गाताना दुसरीकडे फोन ऐकता येत नाही, अभंगाचा पुढचा चरण बोटाखालीच लागतो. वर्ग घेणाऱ्या शिक्षकाला, सभेत टिपण घेऊन बोलणाऱ्याला, टेलिफोनवर काम करणाऱ्याला हेच लागू. आणि विद्यार्थ्यांबाबत तर हा प्रश्न शुद्धलेखनाचा आहे. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला 'पाणि' की 'पाणी', 'दिन' की 'दीन' हे कळणार कसे? फोनच्या उच्चारात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक जवळजवळ नसतो. ब्रेलमध्ये सेलमधल्या प्रत्येक टिंबाला क्रमांक असतो; 'इ' म्हणजे २ आणि ४ क्रमांकांची टिंबे, 'ई' म्हणजे ३ आणि ५, दोन्ही वेगळे, चुकायला वाव नाही. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांच्यासाठी तर दुसरा मार्गच नाही. वाटप करताना पहिला मान त्यांचा असावा.

मराठीची खरी अडचण यंत्रात नाही, ती 'टेबल'मध्ये आहे. टेबल म्हणजे पडद्यावरच्या कोणत्या अक्षराला कोणती टिंबे, हे सांगणारी फाइल. भारतीय भाषांची भारती ब्रेल ही एकच लिपी-पद्धत १९५१ मध्ये ठरली. त्यामुळे मराठी, हिंदी, गुजराती यांचा 'क' बोटाला सारखाच लागतो. पण फोनमध्ये किंवा संगणकात इंग्रजी टेबल राहिले असेल, तर 'कापूस' या शब्दाऐवजी आकडे-अक्षरांची लांबलचक जंत्री उमटते. वापरणारा म्हणतो यंत्र बिघडले, दुकानदार म्हणतो यंत्र चांगले आहे, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून किंवा ब्रेलमध्ये दाखवणारी प्रणाली, असेल तर कंट्रोल आणि ए या कळा एनव्हीडीए कळीबरोबर दाबल्या की डिस्प्ले निवडायची चौकट उघडते. त्यानंतर सेटिंगमधल्या ब्रेल विभागात दोन टेबले दिसतात, एक वाचण्याचे आणि एक लिहिण्याचे. दोन्ही मराठी करावीत. एकच बदलले तर वाचता नीट येते आणि लिहिताना भलतेच उमटते. तिथेच 'कर्सरखालचा शब्द संगणकी ब्रेलमध्ये दाखवा' अशा अर्थाचा एक चौकोन असतो. त्यातली खूण काढून टाकावी, नाही तर वाक्यातला नेमका एक शब्द वेगळ्याच खुणांत येत राहतो. सहा टिंबांचे यंत्र असेल तर आणखी एक गोष्ट: कर्सर सुरुवातीला ७ आणि ८ या टिंबांनी दाखवला जातो. यंत्रात ती टिंबेच नाहीत, म्हणून कर्सर सापडत नाही. कर्सरचा आकार 'सर्व टिंबे' असा बदलला की सापडतो. या एका बदलाअभावी लोक 'याच्यावर लिहिता येत नाही' म्हणून यंत्र परत करतात.

बटन, दुवा अशा गोष्टींसाठी स्क्रीन रीडर इंग्रजी आद्याक्षरे दाखवतो. भारती ब्रेलमध्ये इंग्रजी बी आणि मराठी ब यांची टिंबे एकच, टी आणि त यांची एकच, एन आणि न यांची एकच. त्यामुळे पडद्यावरचे 'बी-टी-एन' मराठी बोटाला 'बतन' असे लागते आणि दुव्याचे 'लनक' होते. दोन दिवसांत सवय होते, पण शिकवणाऱ्याने हे आधीच सांगावे. ईमेलचा पत्ता, आयएफएससी कोड, पासवर्ड वाचताना मात्र टेबल इंग्रजी करूनच वाचावे.

आता चाचणीचा मजकूर. दुकानात यंत्र दाखवताना 'भारत माझा देश आहे' असे सरळ वाक्य दाखवतात. ते कुठेही नीटच येते. खान्देशातल्या वापरणाऱ्याने 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द टाकून बघावा. त्यातला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांत, साध्या र पेक्षा वेगळे अक्षर आहे. टेबलात ते नसेल तर त्याच्या जागी तिरपी रेघ असलेला सात-आठ खुणांचा संकेतांक येतो, म्हणजे वीसपैकी जवळजवळ अर्धी ओळ एका अक्षराने खाल्ली. शेतीची कोणतीही बातमी या शब्दाशिवाय पुरी होत नाही. अहिराणीतही तेच: 'काय करी ऱ्हायना' एवढे लिहिले की तोच ऱ पुढे उभा. अहिराणी देवनागरीत लिहिली जाते, त्यामुळे वेगळ्या टेबलाची गरज नाही. उलट फोनचा आवाज अहिराणी वाक्याचे जे हाल करतो, ते ब्रेलमध्ये होत नाहीत, जसे लिहिले तसे बोटाला लागते. फक्त हे एक अक्षर तपासून घ्यावे.

दुसरा शब्द 'बँक'. काही जण तो चंद्रबिंदू देऊन टंकतात, काही अर्धचंद्र आणि अनुस्वार अशा दोन कळांनी. डोळ्याला दोन्ही सारखे, ब्रेलमध्ये खुणा वेगळ्या. 'ॲप' आणि 'ऑफिस' हेही त्यात घालावेत. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना स्वतःचे सेल आहेत, ते तसेच येतात का बघावे. जोडाक्षरात पाय मोडण्याची खूण, म्हणजे टिंब ४, ब्रेलमध्ये अर्ध्या अक्षराच्या आधी येते. 'खान्देश' हा शब्द ख, आ, टिंब ४, न, द, ए, श असा सात सेलांत बसतो. टिंब ४ न च्या नंतर येत असेल तर टेबल चुकीचे आहे. शेवटी आकडे: '२५०' असे देवनागरीत आणि इंग्रजीतही टाकून बघावे. आकड्याची खूण आणि 'ण' हे अक्षर ही दोन्ही ३-४-५-६ याच टिंबांची आहेत. मराठीत ण ने शब्द सुरू होत नसल्यात जमा, त्यामुळे वाचणारा गोंधळत नाही. पण ब्रेल कळांनी लिहिलेला मजकूर यंत्र अक्षरांत फिरवते तेव्हा इथे चूक होऊ शकते. 'वाणी ५० किलो' असे लिहून ते फोनला बोलायला लावले की लगेच कळते.

यंत्र नुसते मेमरी कार्डावर चालवायचे असेल तर वेगळी काळजी. कार्ड ३२ जीबी किंवा त्याहून लहान आणि फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले घ्यावे. ६४ जीबीचे कार्ड बहुधा दुसऱ्या पद्धतीचे येते आणि यंत्र ते ओळखेलच असे नाही. स्वस्त यंत्रांतली बरीचशी मराठी मजकूर स्वतः ब्रेलमध्ये बदलत नाहीत. त्यांना आधीच बदललेली बीआरएफ फाइल लागते. ती संगणकावर उघडली की अगम्य इंग्रजी अक्षरे दिसतात. घरातल्या डोळस माणसाने 'फाइल खराब झाली' म्हणून ती पुसून टाकणे, हा नेहमीचा अपघात. साओ माई ब्रेलसारख्या मोफत प्रणालीतून युनिकोड मजकुराची बीआरएफ करता येते. छपाईसाठी बनवलेली फाइल मात्र तशीच घेऊ नये. तिच्यात ओळ तीस-चाळीस सेलांची तोडलेली असते. तीसची ओळ वीसच्या यंत्रावर आली की पहिल्यांदा वीस, मग दहा आणि पुढे दहा रिकामे, असे प्रत्येक ओळीला होते. पानांचे क्रमांकही मध्येच घुसतात. परिच्छेद न तोडता फाइल बनवावी, ओळी यंत्र स्वतः पाडते. फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत, लहान आणि पुढे ०१, ०२ असा आकडा लावून द्यावे, म्हणजे धडे क्रमाने लागतात.

मजकूर जुन्या फॉन्टमधला असेल तर काहीच उपयोग नाही. श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेल्या नोट्स पडद्यावर मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरेच असतात. आधी युनिकोडमध्ये बदलाव्यात, मग पुढचे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयातून नोंदणी केलेल्यांना वाचनीय स्वरूपात पुस्तके मिळतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे दृष्टिहीनांसाठी पुस्तकाची अशी प्रत करायला आडकाठी नाही, हे शाळांनी लक्षात ठेवावे.

आता टिंबांची तपासणी. मराठीला इथे एक आयते अक्षर मिळाले आहे: 'ढ'. त्याची सहाही टिंबे वर असतात. एका फाइलमध्ये एका ओळीत वीस ढ, पुढच्या ओळीत वीस मोकळ्या जागा, पुन्हा वीस ढ, अशा पन्नास ओळी कराव्यात. (शाळेत ज्याला 'ढ' म्हणतात, तोच इथे परीक्षक.) ढ च्या ओळीवर बोट फिरवून प्रत्येक टिंब उभे आहे का आणि सारख्या उंचीचे आहे का बघावे, मोकळ्या ओळीवर एकही वर राहिले नाही ना ते बघावे. आठ टिंबांच्या यंत्रात ७ आणि ८ वेगळी तपासावी लागतात. यंत्र घेताना हे करावे आणि पुढे दर महिन्याला.

हे एवढे का, तर एक टिंब गेले तरी शब्द चुकीचा दिसत नाही, दुसराच बरोबर शब्द दिसतो. 'प' म्हणजे १-२-३-४. त्यातले चौथे उठले नाही की उरतो 'ल'. 'पाट' वाचायचा तर 'लाट' वाचली जाते आणि दोन्ही मराठीत आहेत. आकड्यांत तर धोकाच. चौथे टिंब नसेल तर ३ चा १ होतो, ४ चा ५, ६ चा २ आणि ७ चा ८. कापसाचा ७३०० चा भाव एका मेलेल्या टिंबाने ८३०० वाचला जाईल. शंका आली तर मजकुराच्या आधी एक मोकळी जागा घालून तो पुढच्या सेलवर सरकवावा आणि पुन्हा वाचावा. आकडा बदलला तर दोष सेलचा.

टिंबे अडकतात ती घाणीने, आणि आपल्याकडची घाण आपल्यासारखीच आहे. केळीच्या पट्ट्यात, म्हणजे रावेर-यावल भागात, केळीचा चीक बोटांना लागतो. तो सुकला की काळा आणि चिकट होतो, पाण्याने जात नाही. कापसाचे तंतू सेलच्या बारीक भोकांत जातात. भरीत, शेवभाजी खाल्लेल्या बोटांचे तेल धुळीला धरून ठेवते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करूनच यंत्राला लावावेत, हा नियम जेवणाच्या नियमाइतका कडक पाळावा. उन्हाळ्यात घामेजलेले बोट नीट सरकत नाही, म्हणून काही जण पावडर लावतात. ती सर्वांत वाईट, कारण ती भोकांत जाऊन घामात मिसळते आणि घट्ट होते. सफाईला कोरडा मऊ ब्रश पुरतो. यंत्र पालथे धरून ब्रश फिरवावा, म्हणजे कचरा आत न जाता खाली पडतो. तोंडाने फुंकर मारू नये, ओल आत जाते. अडकलेले टिंब सुटावे म्हणून ढ ची फाइल वीस-पंचवीस वेळा वरखाली चालवावी. सुई किंवा ब्रेलपाटीवर टिंबे टोचायचा स्टायलस आत घालू नये. हाताशी असतो म्हणून मोह होतो, पण टिंब वाकले की सेलच बदलावा लागतो.

उन्हाचेही तसेच. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. यंत्रात लिथियम बॅटरी असते आणि ती साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंगला लावू नये, रात्री किंवा पहाटे लावावे. बंद गाडीत, एसटीच्या खिडकीकडच्या उन्हात ठेवू नये. टिंब बदलतानाच वीज लागत असल्यामुळे स्वस्त रचनेत बॅटरी बरी टिकते. तरी भारनियमनाच्या गावात चाचणी करताना किती तास चालले ते लिहून ठेवावे आणि बॅटरी घरच्या घरी बदलता येते का, हे विचारावे. पाठ फुगल्यासारखी वाटली तर चार्जिंग थांबवून दुरुस्तीला द्यावे.

फोनला जोडताना एक गोष्ट सगळ्यांनाच चकवते. आयफोनवर हे यंत्र ब्लूटूथच्या नेहमीच्या पानावरून जोडायचे नसते, व्हॉइसओव्हर या त्याच्या स्क्रीन रीडरच्या ब्रेल विभागातून जोडायचे असते. अँड्रॉइडवर टॉकबॅक या स्क्रीन रीडरच्या सेटिंगमध्ये ब्रेल डिस्प्लेचे पान असते, तिथून. टॉकबॅकमध्ये ही सोय २०२२ पासून अंगभूत आली. त्याआधीचे टॉकबॅक असेल तर आधी अद्ययावत करावे. त्याच पानावर ब्रेलच्या भाषांत मराठी आहे का, ते यंत्र विकत घेण्याआधी आपल्याच फोनवर बघावे. फोन आणि लॅपटॉप दोन्ही आहेत आणि लॅपटॉपला यंत्र सापडत नाही, तेव्हा बहुतेकदा फोनने ते धरून ठेवलेले असते. फोनचे ब्लूटूथ बंद केले की सुटते.

वीस सेलच्या स्वस्त यंत्रांत प्रत्येक सेलवर कर्सर नेणारी बटणे सहसा नसतात. फोन नंबरातला सहावा आकडा चुकला तर बाणाच्या कळीने मोजत तिथपर्यंत जावे लागते. वाचणारा म्हणून जो समाधानी असतो, तो लिहिणारा म्हणून वैतागतो. यंत्र कुणाला द्यायचे ते यावरून ठरवावे. सतत अर्ज भरणाऱ्या, मजकूर दुरुस्त करणाऱ्या कर्मचाऱ्याला ही बटणे असलेले यंत्रच द्यावे, किंमत वाढली तरी. परीक्षेत वापरायचे असेल तर यंत्रात मेमरी असल्याने आधी लेखी परवानगी आणि रिकामे कार्ड, या दोन गोष्टींची तयारी ठेवावी.

स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. दिव्यांगांना साधने देणारी केंद्राची एडिप योजनाही आहे. पैसा अगदीच नाही असे नाही. अडते ते निविदेच्या कागदावर. 'ब्रेल डिस्प्ले, २० सेल' एवढेच लिहिले तर सर्वांत स्वस्त येते, आणि ते मराठी दाखवते की नाही याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. कागदावर हेही लिहावे: मराठी टेबलासह प्रात्यक्षिक, 'शेतकऱ्यांच्या' आणि 'बँक' हे शब्द त्या प्रात्यक्षिकात, सेलला किती टिंबे, एका सेलच्या बदलीचा दर, बॅटरी बदलण्याची सोय, दुरुस्तीला किती दिवस आणि कुरिअरचा खर्च कोणाचा. जळगावात किंवा धुळ्यात दुरुस्ती होईल असे गृहीत धरू नये. यंत्र पेटीत घालून मुंबई, पुणे किंवा दिल्लीला पाठवायचे आहे, असे समजून मूळ खोका आणि आतला फोम जपून ठेवावा. दहा यंत्रे घेणार असाल तर नऊ वाटावीत आणि एक तालुक्याच्या ठिकाणी बदली म्हणून ठेवावे. एकाचे दुरुस्तीला गेले की त्याचा अभ्यास थांबत नाही.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी. आपला ई-पेपर चित्ररूप असेल तर यंत्रावर एक अक्षर येत नाही. संकेतस्थळावरच्या बातम्या युनिकोडमध्ये असतात, त्या येतात. पण बाजारभावाचा तक्ता चित्र म्हणून टाकला, तर तो दृष्टिहीन शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला बंदच. तो मजकूर म्हणून द्यावा. उभ्या रकान्यांचा तक्ताही नको, वीस सेलांत किमान, कमाल, सरासरी हे रकाने एकमेकांत मिसळतात आणि कोणता आकडा कशाचा ते कळत नाही. एका ओळीत एकच जिन्नस आणि एकच भाव असावा. 'कापूस ७३००' ला अकरा सेल लागतात, 'केळी १४५०' ला दहा. दोन्ही एका नजरेत, म्हणजे एका बोटात, मावतात.

आपले,
खान्देशात ब्रेल शिकवणारे आणि वापरणारे काही वाचक